सार्थ, काफिला, तांडा: वाटेवरच्या कराराचा इतिहास

कारवाँ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, त्यात वाळूच्या टेकड्या असतात, एकामागे एक दोरीने जोडलेले उंट असतात आणि कडेला एखादे खजुराचे झाड असतेच असते. हे चित्र खोटे नाही. ते अपुरे आहे. त्यात जनावरे दिसतात, वाट दिसते, माणसे मात्र पुसट होतात. वास्तविक कारवाँ ही माणसांची, आणि बहुधा एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांची, एक संस्था होती. राजाचा अंमल गावकुसापाशी किंवा फार तर पुढच्या जकातनाक्यापाशी संपत असे. त्यापलीकडच्या मुलखात जीव आणि माल सुरक्षित राहावा म्हणून प्रवाशांनी प्रवासापुरता केलेला करार, ही कारवाँची सर्वांत नेमकी व्याख्या ठरेल. या करारात नेता कोण, त्याने काय द्यायचे, इतरांनी काय पाळायचे, पाणी कुणाच्या ताब्यात राहायचे, रात्री पहारा कुणी करायचा, हे सारे ठरलेले असे, आणि मुक्कामाचे शहर आले की करार संपत असे. दख्खनमध्ये मात्र या संस्थेला एक निराळे वळण मिळाले आणि तेथे वाट संपल्यावरही करार संपला नाही. या व्याख्यानाचा रोख त्या वळणाकडे आहे. परंतु तेथे पोहोचण्याआधी या संस्थेची जुनी घडण पाहणे भाग आहे.

फारसी ‘कारवान’ या शब्दाच्या मुळाशी प्राचीन फारसीतील ‘कार’ हा शब्द असावा, असे भाषाभ्यासक मानतात. बिसुतून येथील इराणी सम्राट दारयवहुच्या शिलालेखात हा ‘कार’ लोक आणि सैन्य अशा दोन्ही अर्थांनी येतो, आणि व्यापारासाठी निघालेला जमाव हत्यारबंद असावा लागे, ही गोष्ट त्यात सूचित होते. अरबीतील ‘काफिला’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ परत येणे असा आहे. निघणाऱ्यांना परतणारे म्हणण्याची ही रीत शुभचिंतनाची असल्याचे अरबी कोशकार सांगतात, आणि मराठी घरात बाहेर पडताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात, त्या प्रथेशी तिचे नाते सहज जुळते. संस्कृतातील ‘सार्थ’ म्हणजे समान अर्थ, अर्थात समान प्रयोजन किंवा समान धन, असलेल्यांचा समूह; त्याचे प्राकृत रूप ‘सत्थ’ आणि त्यातून आलेले ‘साथ’ व ‘साथी’ आज इतके घरगुती झाले आहेत की त्यांच्यामागची बैलगाड्यांची रांग कुणाला आठवत नाही. शब्दांचा हा पसारा येथेच थांबवलेला बरा, कारण व्युत्पत्तीच्या चमत्कृतीत रमल्यावर संस्थेचे प्रत्यक्ष कामकाज बाजूला राहते, आणि या विषयावरच्या पुष्कळ लेखनाचे तसेच झाले आहे.

सार्थाच्या नेत्याला सार्थवाह म्हणत. डॉ. मोतीचंद्र यांनी ‘सार्थवाह’ याच नावाने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदी ग्रंथात प्राचीन भारतातील पथपद्धतीची सामग्री एकत्र केली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक अभ्यासकाला त्या ग्रंथाचे ऋण मान्य करावे लागते. सार्थवाह हा धनाढ्य व्यापारी असे, हे खरे. पण त्याचे महत्त्व धनापुरते नव्हते. गुप्तकालीन दामोदरपूर ताम्रपटांवरून, ज्यांतील सर्वांत जुना इ. स. ४४३-४४ च्या सुमाराचा आहे, असे दिसते की कोटिवर्ष या विषयाच्या, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याच्या, कारभारात नगरश्रेष्ठी, सार्थवाह, प्रथमकुलिक आणि प्रथमकायस्थ असे चौघे अधिकाऱ्याबरोबर बसत असत. पेढीवाला, कारागिरांचा मुख्य आणि लेखनिकांचा मुख्य यांच्या पंगतीत काफिल्याच्या नायकाला जागा होती, आणि जमिनीच्या खरेदीविक्रीसारख्या व्यवहारांना ही मंडळी साक्षी असत. ‘मृच्छकटिका’तील चारुदत्त जन्माने ब्राह्मण असूनही सार्थवाह म्हणवतो, यावरून ही पदवी एखाद्या वर्णाची मिरास नव्हती, असे अनुमान काढता येते.

जैन साहित्यात सार्थाविषयीची माहिती विलक्षण तपशिलाने आली आहे, आणि त्याचे कारण व्यावहारिक आहे. साधूंना पायी विहार करावा लागे, वनातील वाटेवर त्यांना सार्थाचा आश्रय घ्यावा लागे, आणि कोणत्या सार्थाबरोबर जाणे आचाराला धरून आहे हे ठरवण्यासाठी नियम करावे लागले. बृहत्कल्पसूत्रावरील भाष्य सार्थाचे पाच प्रकार सांगते: गाड्यांनी माल नेणारा तो भंडी, उंट, खेचरे, बैल यांच्या पाठीवर नेणारा तो बहिलक, माणसांच्या खांद्यावर नेणारा तो भारवह, जागोजाग पोट भरण्यापुरते कमावत पुढे जाणाऱ्यांचा तो औदरिक, आणि भिक्षू-बैराग्यांचा तो कार्पटिक. या वर्गीकरणात उंट एका प्रकाराच्या पोटात आणि तोही खेचर-बैलांच्या जोडीने येतो, ही गोष्ट खजुराच्या झाडाखालच्या त्या चित्राला परस्पर उत्तर देणारी आहे.

प्रस्थानाची पद्धतही या ग्रंथांतून कळते. ज्ञाताधर्मकथेत चंपानगरीचा धन्य सार्थवाह अहिच्छत्रेकडे निघण्यापूर्वी नगरात दवंडी पिटवतो, की ज्याला यायचे असेल त्याने यावे, ज्याच्याकडे छत्री, पादत्राण किंवा शिधा नसेल त्याला ते मिळेल, आजारी पडणाऱ्याची व्यवस्था होईल. त्याच्या बदल्यात अट एकच असते, ती म्हणजे नायकाचा शब्द मोडायचा नाही. पुढे वाटेत नंदीफळ नावाचे, दिसायला व चवीला गोड पण प्राणघातक अशा फळांचे वृक्ष लागतात. धन्य आधीच बजावतो की त्यांचे फळ खाऊ नका, त्यांच्या सावलीलाही बसू नका. जे ऐकतात ते वाचतात, जे ऐकत नाहीत ते मरतात. कथेचा हेतू अर्थातच इंद्रियनिग्रहाचा उपदेश हा आहे, पण उपदेशकाराने दृष्टान्तासाठी सार्थ निवडला, यात त्या काळच्या श्रोत्यांना ही शिस्त किती परिचयाची होती हे उघड होते.

बौद्ध जातकसंग्रहाची सुरुवातच दोन सार्थकथांनी होते. पहिल्या, अपण्णक जातकात पाचशे पाचशे गाड्यांचे दोन सार्थ निर्जल कांतारातून, म्हणजे पाण्याविना असलेल्या ओसाड मुलखातून, जातात. तेथील यक्ष ओल्या कपड्यांनी आणि कमळांच्या माळा घालून समोरून येतात व सांगतात की पुढे मुबलक पाऊस पडतो आहे, पाण्याचे ओझे कशाला वाहता. पहिला नायक रांजण फोडून टाकतो आणि सारा सार्थ नाश पावतो. दुसरा नायक आपल्या लोकांना विचारतो की पावसाचा वारा कुणाला लागला काय, वीज कुणी पाहिली काय, गडगडाट कुणी ऐकला काय. आणि कुणीच हो म्हणत नाही तेव्हा पाण्याचा थेंबही सांडू देत नाही. नेतृत्वाची ही कल्पना लक्षणीय आहे, कारण नायकाचे श्रेष्ठत्व पराक्रमात नसून समोरून येणारी बातमी पारखून घेण्यात आहे. दुसऱ्या, वण्णुपथ जातकात साठ योजनांचे वाळवंट रात्री ताऱ्यांच्या आधाराने ओलांडले जाते. दिशा दाखवणारा वाटाड्या, ज्याला तेथे थलनिय्यामक म्हणजे जमिनीवरचा सुकाणूधर म्हटले आहे, शेवटच्या रात्री झोपी जातो, बैल फिरतात आणि पहाटे सार्थ आदल्या दिवशीच्या मुक्कामावरच येऊन उभा राहतो.

कराराची दुसरी, कमी उजळ बाजू महाभारतातील नलोपाख्यानात सापडते. नलाने टाकलेली दमयंती चेदी देशाकडे चाललेल्या एका सार्थात सामील होते. नायक तिला आसरा देतो, कारण रानातल्या एकट्या प्रवाशाला सामावून घेणे हा सार्थाचा धर्मच होता. पण सरोवराकाठी मुक्काम पडला असता मध्यरात्री रानटी हत्तींचा कळप झोपलेल्यांना तुडवून जातो, आणि उरलेले लोक या अनर्थाचे कारण शोधू लागताच संशय तत्काळ त्या उन्मत्त दिसणाऱ्या, केस मोकळे सोडलेल्या परक्या बाईवर जातो. ती सापडली तर दगडांनी मारू, अशी भाषा होते. सहप्रवासाने मिळालेले सदस्यत्व किती पातळ असे आणि संकटात सर्वांत आधी कुणाच्या वाट्याचे नाहीसे होई, हे सांगायला याहून बोलका प्रसंग मिळणे कठीण.

भारताबाहेरच्या इतिहासात हीच संस्था अधिक थाटाने दिसते. सीरियाच्या वाळवंटातील पाल्मिरा या नगरीत दुसऱ्या शतकात व्यापाऱ्यांनी आपल्या काफिलाप्रमुखांचे पुतळे उभारले, आणि त्याखालचे लेख सांगतात की अमुक नायकाने आम्हांला इराणी आखाताच्या माथ्याशी असलेल्या बंदराहून सुखरूप आणले. त्याच नगरीचा इ. स. १३७ चा जकातीचा दरफलकही उपलब्ध आहे. पश्चिम आशियात उंटाने चाकाच्या गाडीला जवळजवळ हुसकून लावले, हा रिचर्ड बुलिएट यांनी १९७५ मध्ये मांडलेला सिद्धान्त प्रसिद्धच आहे. मुक्कामासाठी बांधलेल्या कारवानसराया, म्हणजे भिंतींनी वेढलेली, एकच मोठा दरवाजा असलेली आणि आत विहीर, पागा व खोल्या असलेली ठाणी, राजांच्या दानधर्माचा भाग झाल्या. तुर्कस्तानातील अक्सरायजवळचा सुलतान हान १२२९ मध्ये बांधला गेला, आणि इराणमधील ५४ सराया २०२३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. शेरशहाने आपल्या रस्त्यांवर ठरावीक अंतराने सराया बांधल्याचे अब्बास सरवानी लिहितो. सराई आली म्हणजे राज्यसत्ता काफिल्याच्या करारात भागीदार झाली, आणि तिच्याबरोबर जकात, हेर व हिशेबही आले.

काफिला या शब्दाचा सर्वांत अनपेक्षित प्रवास मात्र समुद्रावर झाला, आणि तो गोव्याशी निगडित आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांत पोर्तुगीजांनी ‘काफिला’ हा शब्द उचलून त्याला लढाऊ जहाजांच्या संरक्षणाखाली एकत्र निघणारा व्यापारी गलबतांचा तांडा, असा अर्थ रूढ केला. खंबायतेहून गोव्याकडे कापड व नीळ घेऊन येणारा काफिला आणि होनावर, बसरूर, मंगळूर या कानडा किनाऱ्यावरच्या बंदरांतून तांदूळ आणणारा काफिला, हे दोन गोव्याच्या जीवनाचे आधार होते. तांदळाचा काफिला लांबला तर शहरात टंचाई पडे. मलबारी चाच्यांपासून रक्षण हे त्याचे जाहीर कारण होते. परंतु ज्या गलबतांना रक्षण नको होते त्यांनाही पोर्तुगीज परवाना घेऊन या तांड्यात चालावे लागे आणि पोर्तुगीज नाक्यावर जकात भरावी लागे, तेव्हा येथे सहप्रवाशांच्या कराराची जागा सक्तीने घेतली होती. वाळवंटातला शब्द पाण्यावर आला तेव्हा त्याचा अर्थ टिकला, आशय उलटला.

दख्खनकडे वळताना पहिली नोंद ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक नाविकग्रंथाची घ्यावी लागते. त्याच्या मते भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, असून या ठिकाणांहून माल मोठ्या अवघड, रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला उतरत असे. त्या वाटांवरच्या माणसांची भीती लेण्यांच्या भिंतींवरही उतरली आहे: अजिंठा, कान्हेरी आणि औरंगाबादच्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाच्या दोन्ही बाजूंना अग्नी, हत्ती, सिंह, सर्प, बुडते जहाज, शस्त्रधारी शत्रू अशी महाभये कोरली आहेत, आणि ती प्रामुख्याने प्रवाशाची भये आहेत.

‘पेरिप्लस’नंतर सहस्रकाहून अधिक काळाने दिल्लीत कारवाँ हा शब्द एका विशिष्ट जनसमूहाला चिकटलेला दिसतो. झियाउद्दीन बरनी लिहितो की अल्लाउद्दीन खलजीने धान्याचे भाव बांधून दिले तेव्हा ‘कारवानी’ नायकांना पकडून बाजाराच्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन केले, त्यांना एकमेकांसाठी जामीन राहायला लावले आणि बायकामुले, बैल यांसह यमुनेकाठच्या गावांत वसवले. हे कारवानी म्हणजे पुढच्या काळातील बंजारे, असे इतिहासकार मानतात. बरनीच्या त्या वाक्यात दोन गोष्टी हाती लागतात: बैलांच्या पाठीवर धान्य वाहणारे हे लोक कुटुंबांसह फिरत होते, आणि बाजारभाव हाती ठेवू इच्छिणाऱ्या सुलतानाला प्रथम त्यांनाच हाती घ्यावे लागले.

बंजारा तांडा आणि इतरत्रचा काफिला यांतील फरक येथेच आहे. समरकंदचा व्यापारी घर मागे ठेवून काफिल्यात येई. बंजाऱ्याचे घर तांड्यातच असे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये भेटलेल्या एका तांड्यात धान्य लादलेले १४,००० बैल होते, आणि अशा तांड्यात बायकामुलांसह सहा-सातशे माणसे असत, असे तो सांगतो. दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा ही मंडळी जास्त चालत नसत. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये दहा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत आडवे आल्यास दोन-तीन दिवस थांबावे लागते, अशी तक्रार करतो, आणि या लोकांच्या चार जमाती असून एकीने धान्य, दुसरीने तांदूळ, तिसरीने डाळी आणि चौथीने मीठ वाहायचे अशी वाटणी असल्याचे लिहितो. हे वर्णन जरा अधिकच आखीव वाटते. मंद गती हा या व्यवस्थेचा दोष नसून तिचे अर्थशास्त्रच होते, कारण बैल चरत चरत चालत, म्हणून वैरणीचा खर्च जवळजवळ नसे, आणि पाठीवर गोणी असल्याने, गाडी नसल्याने, रस्त्याची गरज नसे व घाट उतरता येई. किनाऱ्याचे मीठ वर चढे, वऱ्हाडचा कापूस पार मिरझापूरला गंगेकाठी पोहोचे, आणि पावसाळ्यात गवताच्या माळावर तांडा स्थिरावे. लमाण हे नाव ‘लवण’ शब्दावरून आले, ही प्रचलित व्युत्पत्ती या मिठाच्या व्यापाराची आठवण जपते.

तांड्याचा प्रमुख नाईक. मुक्कामाची जागा, वाट, भांडणाचा निवाडा आणि व्यापाऱ्याशी वा सरदाराशी बोलणी हे त्याचे काम. परंतु सार्थवाहासारखा तो एका प्रवासापुरता निवडलेला श्रीमंत नव्हता, तो पंचायतीसह वावरणारा समाजाचा मुखिया होता. लष्करांना तांड्यांची गरज सर्वांत जास्त भासली. शहाजहानच्या काळात असफखानाने भंगी व जंगी या नाईकांना सनद दिली, छपराचे गवत व रांजणाचे पाणी घेण्याची मोकळीक दिली आणि दिवसाला तीन खून माफ केले, अशी परंपरा आहे. सनदेच्या खरेपणाविषयी वाद होऊ शकतो, पण मोहिमेच्या वाटेवर तांड्याचे मोल काय होते हे ती नेमके सांगते. १८०३ च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारात ‘ब्रिंजारी’ वारंवार येतात, कारण त्यांचे बैल आले नाहीत तर फौज उपाशी राहणार होती. लढणाऱ्या दोन्ही बाजूंना धान्य विकणारा हा तिसरा पक्ष दोन्ही बाजूंच्या अभयाखाली छावण्यांमधून ये-जा करी.

ही व्यवस्था अर्ध्या शतकात मोडली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, १८६३ मध्ये ती बोरघाट चढली, पक्के रस्ते आणि गाड्या आल्या, मिठावर सरकारची पकड बसली, आणि रेल्वेने एका दिवसात नेलेल्या मालासाठी महिनाभर चालणारा बैल निरुपयोगी ठरला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरते समूह संशयाच्या नोंदवहीत घालण्याची सोय केली आणि त्याच्या कक्षेत ठिकठिकाणचे बंजारेही आले. सरकारी दृष्टीला फिरणे हे धंद्याचे अंग वाटेनासे होऊन गुन्ह्याचे लक्षण वाटू लागले. ज्यांना असफखानाने दिवसाला तीन खून माफ केल्याचे सांगितले जाई, त्यांना गाव सोडताना चौकीवर हजेरी द्यावी लागली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आज हाच समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत मोजला जातो, म्हणजे ज्या वाटांनी तांडे या तिन्ही मुलखांना जोडत होते त्यांच्यावरच वर्गवारीच्या सीमा पडल्या आहेत.

दरम्यान युरोपात कारवाँ या शब्दाचे निराळे आयुष्य चालू होते. इंग्रजीत तो झाकलेल्या गाडीला लागला, त्याची नुसती शेपटी उरून ‘व्हॅन’ झाली, आणि १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स या नौदलातील निवृत्त डॉक्टराने ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी केवळ हौसेच्या भटकंतीसाठी बांधवून घेतली. तेव्हापासून तो शब्द एका कुटुंबाच्या चाकांवरच्या घराचा झाला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेले कारवाँ पर्यटन धोरण याच अर्थाचे आहे. त्यात सार्थ नाही, नायक नाही, सहप्रवाशांचा करारही नाही. आहे ती खासगीपणाची सोय. मराठीने मात्र आपल्या देशी शब्दाला अधिक उदार अर्थ दिला. डॉ. श्रीराम लागू यांनी आत्मचरित्राला ‘लमाण’ हे नाव दिले, ते नट हा लेखकाकडचा माल प्रेक्षकापर्यंत पोहोचवणारा वाहक आहे या भूमिकेतून.

आणि तांडा या शब्दाचा महाराष्ट्रातील आजचा अर्थ वस्ती असा आहे. गावाबाहेर, बहुधा माळावर, नाईकाच्या नावाने ओळखली जाणारी ही वस्ती महसुली दृष्ट्या पुष्कळदा दुसऱ्याच गावाच्या पोटात असते, त्यामुळे रस्ता, पाणी, शाळा यांसाठी तिला स्वतंत्र अस्तित्व मागावे लागते; राज्याला दीर्घकाळ लाभलेले मुख्यमंत्री वसंतराव नाईक याच समाजातील, आणि तांडा-वस्ती सुधार योजनेला त्यांचेच नाव आहे. मराठवाड्यातील अनेक तांडे दसरा-दिवाळीनंतर ओस पडतात, कारण माणसे टोळ्या करून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. बाहेरून पाहणाऱ्याला हा जुन्याच फिरतीचा अवशेष वाटतो, आणि वृत्तपत्रे तसे लिहितातही. परंतु टोळीच्या पुढे चालणारा मुकादम नाईकाचा वारस नाही. नाईक तांड्याच्या वतीने व्यापाऱ्याशी व्यवहार ठरवी आणि बैल तांड्याचे असत. मुकादम कारखान्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ती जोडप्याजोडप्याला वाटतो आणि हंगाम संपेपर्यंत ती फिटली की नाही याचा हिशेब तोच ठेवतो.